आईच्या सलाईनमध्ये झाडाचं औषध आधीच आहे

प्रश्न लालबागहून आला आहे. आई ६१ वर्षांच्या. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, लिव्हरमध्ये पसरलेला. परळला दर पंधरा दिवसांनी फोल्फिरी नावाची किमो आणि सोबत बेव्हॅसिझुमॅबचं इंजेक्शन, अशा चार सायकल झाल्या. सांगलीच्या मामांनी तीन डबे आणून दिले आहेत: कर्क्युमिन आणि पिपेरिनच्या कॅप्सूल, ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या आणि शार्कच्या कूर्चेची पावडर. मामांकडे आलेल्या मेसेजात म्हटलं आहे की गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखायचं जे काम महागडं इंजेक्शन करतं, तेच हे नैसर्गिक पदार्थ करतात. हे खरं आहे का? खरं असेल तर इंजेक्शन थांबवून हे द्यावं, की दोन्ही चालू ठेवावं?

मी बावीस वर्षं मुंबईत कॅन्सरच्या रुग्णांना औषधोपचार देते आहे. तुमच्या आईंचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, पण या प्रश्नाचं उत्तर रिपोर्टवर फारसं अवलंबून नाही. तिन्ही डबे बाजूला ठेवा. जेवणातली हळद आणि कपातला चहा चालू द्या. इंजेक्शन पुढे चालू ठेवायचं की नाही हा वेगळा प्रश्न आहे, त्याकडे शेवटी येते. आता कारणं जरा सविस्तर सांगते. मेसेज पूर्ण खोटा नाही, आणि 'हे सगळं थोतांड आहे' एवढंच ऐकवून तुम्हाला परत पाठवणं मला बरोबर वाटत नाही.

पेशीला प्राणवायू मिळायचा तर रक्तवाहिनी तिच्यापासून ०.१ ते ०.२ मिलीमीटरच्या आत असावी लागते. कॅन्सरची गाठ एक-दोन मिलीमीटरची झाली की तिच्या मध्यभागी रक्त पोचेनासं होतं. मग गाठ आजूबाजूच्या वाहिन्यांना रासायनिक हाक मारते, आणि त्या वाहिन्यांना गाठीच्या दिशेने नवे फाटे फुटतात. ही कल्पना अमेरिकेतले सर्जन ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडली, तेव्हा बऱ्याच जणांनी ती हसण्यावारी नेली होती. त्या हाकेतला सर्वांत महत्त्वाचा रेणू म्हणजे व्हीईजीएफ. बेव्हॅसिझुमॅब हा त्या रेणूलाच धरून ठेवणारा प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी. आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी अमेरिकेत त्याला फेब्रुवारी २००४ मध्ये मान्यता मिळाली.

आता मामांच्या मेसेजातला खरा भाग. हळदीतलं कर्क्युमिन, ग्रीन टीतलं ईजीसीजी, सोयाबीनमधलं जेनिस्टीन, द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल, अश्वगंधेतलं विथाफेरिन ए, हे सगळे पदार्थ प्रयोगशाळेत नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखतात. ग्रीन टी पाजलेल्या उंदरांच्या डोळ्याच्या बुबुळात नव्या वाहिन्या कमी फुटल्या, हे १९९९ मध्येच प्रसिद्ध झालं. हे प्रयोग चांगल्या शास्त्रज्ञांनी केलेले आहेत आणि निकाल पुन्हा पुन्हा तसेच आले आहेत. म्हणून कुणी 'संशोधनात सिद्ध झालं आहे' असं म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. फक्त ते संशोधन काचेच्या ताटलीत किंवा उंदरांत झालं आहे, हे सांगायचं राहून जातं.

ताटलीत काय होतं ते बघा. वाहिनीच्या अस्तराच्या पेशी ताटलीत वाढवतात आणि त्यांच्यावर कर्क्युमिन थेट ओततात. परिणाम दिसायला साधारण १० मायक्रोमोलर किंवा त्याहून जास्त तीव्रता लागते. हे एकक लक्षात ठेवायची गरज नाही, फक्त १० हा आकडा ठेवा. माणसाने एका वेळी ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन गिळलं, तर रक्तात ते जास्तीत जास्त पावणेदोनच्या आसपास पोचल्याची नोंद आहे, तीही थोड्या तासांपुरती. इतर अभ्यासांत तर ते जेमतेम सापडलं. आतडं ते शोषून घेत नाही, आणि जे थोडं शोषलं जातं त्याला लिव्हर लगेच साखरेचा रेणू चिकटवून बाहेर काढून टाकतं. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असतं. म्हणजे ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद खावी लागेल. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत दुकानदार वर्षाच्या मसाल्याला किती हळद घालायला सांगतो ते तुम्हाला माहीत आहेच. एवढी रोज!

तरीही माणसांवर प्रयत्न झाले, आणि ते सांगायलाच हवेत. अमेरिकेत ह्यूस्टनला स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या २५ रुग्णांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. एका रुग्णाचा आजार दीड वर्षाहून जास्त काळ स्थिर राहिला. एकाची गाठ चांगलीच आटली, पण थोड्याच दिवसांसाठी. बाकीच्यांना उपयोग झाला नाही. तुमच्या आईंच्या आजाराच्या जास्त जवळचा अभ्यास इंग्लंडमध्ये लेस्टरला झाला. आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरच्या २८ रुग्णांपैकी काहींना फोल्फॉक्स किमोबरोबर रोज २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं. त्यांना ते झेपलं, आणि आयुर्मानाचा आकडाही त्यांच्या बाजूने झुकलेला दिसला. हे वाचून मलाही बरं वाटलं होतं. पण २८ माणसांत दोन-तीन जण इकडचे तिकडे झाले तरी निकाल उलटतो. शिवाय ती किमो वेगळी होती आणि कॅप्सूल ठरलेल्या दर्जाची होती, पिपेरिन घातलेली बाजारातली नव्हती. मोठ्या अभ्यासात हे टिकलं तर मी स्वतः ते लिहून देईन. आज लिहून देत नाही.

पिपेरिनबद्दल थांबून सांगायला हवं, कारण तिन्ही डब्यांत मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. पिपेरिन म्हणजे मिऱ्यातला तिखट घटक. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरिन दिलं तर माणसाच्या रक्तात कर्क्युमिन वीसपट जातं. तेव्हापासून कॅप्सूल बनवणारे बरेच जण ते घालू लागले. पण पिपेरिन हे कसं करतं? ते आतड्यातली आणि लिव्हरमधली औषधं मोडणारी, बाहेर टाकणारी यंत्रणा मंद करतं. ती यंत्रणा कर्क्युमिनसाठी वेगळी आणि किमोसाठी वेगळी नसते. फिट्सवरच्या फेनिटॉइनची रक्तातली पातळी पिपेरिनमुळे वाढते, हे मोजलेलं आहे. तुमच्या आईंच्या फोल्फिरीत इरिनोटेकान नावाचं औषध आहे. तेही याच रस्त्याने मोडतं आणि पित्तातून बाहेर पडतं. त्याचं जे रूप खरं काम करतं, ते लिव्हरने वेळेवर बाहेर काढलं नाही तर जुलाब आवरत नाहीत आणि पांढऱ्या पेशी कोसळतात. आईंच्या लिव्हरमध्ये आधीच गाठी आहेत. त्या लिव्हरवर आणखी एक ओझं मी मुद्दाम ठेवणार नाही.

आणि हे ओझं खरं असतं. हळदीच्या कॅप्सूलमुळे लिव्हरला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. पाच जणांना ॲडमिट करावं लागलं, एक जण दगावला. तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तीनमध्ये पिपेरिन होतं. ग्रीन टीच्या अर्काचंही तसंच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी पूरक म्हणून घेतलं तर लिव्हरला धोका संभवतो. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमधलं मुंबईचंच आहे. प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना लिव्हरची इजा झाल्याचं इथल्या डॉक्टरांनी नोंदवलं. त्यावर वादही झाला. पण कावीळ घेऊन आलेला माणूस समोर बसतो तेव्हा त्याने काय काय खाल्लं हे विचारावंच लागतं.

हे मी उशिरा शिकले. काही वर्षांपूर्वी चिपळूणचे एक गृहस्थ माझ्याकडे किडनीच्या कॅन्सरसाठी पॅझोपॅनिबच्या गोळ्या घेत होते. त्याही रक्तवाहिन्या रोखणाऱ्याच गोळ्या, आणि लिव्हरला त्रास देणं हा त्यांचा माहीत असलेला दोष. दुसऱ्या महिन्यात एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, दहापटीच्या वर गेलं. मी विचारलं, 'दुसरं काही औषध चालू आहे का?' ते म्हणाले, 'नाही.' गोळ्या थांबवल्या. सहा आठवडे वाट बघितली, आणि तेवढ्यात छातीतल्या गाठी वाढल्या. मग एक दिवस त्यांच्या मिसेसनी पिशवीतून ग्रीन टीच्या अर्काची बाटली काढून टेबलावर ठेवली. 'हे औषध नाही ना मॅडम, चहाच आहे,' असं त्या अगदी मनापासून म्हणाल्या. दोष गोळीचा होता की अर्काचा, हे मला आजही सांगता येत नाही. पण प्रश्न मी चुकीचा विचारला होता एवढं नक्की. आता मी सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात काय काय जातं ते विचारते, काढे, चूर्णं, आसवं सगळं धरून.

ग्रीन टीबद्दल आणखी एक गोष्ट, कारण हे वाचणाऱ्यांत मायलोमाचे, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कॅन्सरचे, रुग्णही असतील. ईजीसीजी बोर्टेझोमिब या औषधाला रासायनिकरीत्या चिकटतं आणि त्याला निकामी करतं. हे २००९ मध्ये प्रयोगशाळेत आणि उंदरांत दिसलं. मायलोमासाठी बोर्टेझोमिब चालू असेल तर ग्रीन टीच्या गोळ्या अजिबात नकोत. रेझव्हेराट्रॉलचाही मायलोमाच्या रुग्णांवर मोठ्या डोसमध्ये प्रयोग झाला होता. काही जणांची किडनी बंद पडली आणि अभ्यास थांबवावा लागला.

शार्कच्या पावडरीवर जास्त वेळ घालवत नाही. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तेव्हा तिच्यात त्या रोखणारं काहीतरी असणार, हा तर्क मूळचा चांगला होता. १९८३ मध्ये शार्कच्या कूर्चेतून तसा घटक निघालाही. पुढे 'शार्कला कॅन्सर होत नाही' अशी अफवा पसरली. शार्कला कॅन्सर होतो. कूर्चेच्या शुद्ध केलेल्या अर्काची फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ३७९ रुग्णांवर नीट चाचणी झाली आणि २०१० मध्ये निकाल आला. अर्क घेणारे सरासरी १४.४ महिने जगले आणि अर्काऐवजी बनावट औषध घेणारे १५.६ महिने. म्हणजे काहीच उपयोग नाही. त्या डब्याचे पैसे परत मिळत असतील तर घ्या.

मग निसर्गातून काहीच हाती लागत नाही का? उलट आहे. माझी अर्धी फार्मसी झाडांची आणि बुरशींची आहे. मामांना हे नक्की सांगा, कारण त्यांना वाटत असेल की डॉक्टर झाडपाल्याच्या विरोधात असतात.

फोकमनांच्याच प्रयोगशाळेत रक्तवाहिनीच्या पेशींच्या एका ताटलीत चुकून बुरशी शिरली. ती फेकून द्यायची सोडून डोनाल्ड इंगबर या तरुण संशोधकाने नीट पाहिली, तर बुरशीजवळच्या पेशी मेल्या नव्हत्या, नुसत्या वाढायच्या थांबल्या होत्या. त्या बुरशीतला फ्युमॅजिलिन हा पदार्थ आणि त्यापासून बनवलेलं टीएनपी-४७० हे औषध १९९० मध्ये जगासमोर आलं. अगदी नैसर्गिक, आणि वाहिन्यांवर अगदी नेमकं. पण माणसांना दिल्यावर चक्कर, गोंधळ, तोल जाणं असे मेंदूचे त्रास होऊ लागले आणि ते मागे पडलं. चांगला रेणूसुद्धा माणसात उतरताना असा अडखळतो.

आता तुमच्या आईंच्या सलाईनकडे या. सह्याद्रीत एक झाड आहे, दुर्गंधीमुळे त्याला नरक्या म्हणतात. कुठे कुठे अमृताही म्हणतात. १९६६ मध्ये अमेरिकेत वॉल आणि वाणी या जोडीने एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हा रेणू काढला होता. यातले मनसुख वाणी मूळचे आपल्याकडचेच. तोच रेणू आपल्या नरक्यात आहे, आणि चिनी झाडापेक्षा भरपूर आहे, हे १९७२ मध्ये मुंबईत गोरेगावच्या सिबा रिसर्च सेंटरमधून टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्याने प्रसिद्ध केलं. त्यानंतर नरक्याची इतकी तोड झाली की कोकणात आणि घाटमाथ्यावर हे झाड धोक्यात आलं, याचं मला फार वाईट वाटतं. पण तो रेणू तसाच दिला तेव्हा रुग्णांच्या लघवीतून रक्त येऊ लागलं आणि सत्तरच्या दशकात चाचण्या थांबल्या. पुढे जपानमध्ये त्याच्यात फेरफार करून पाण्यात विरघळणारं इरिनोटेकान बनवलं गेलं, आणि १९९४ मध्ये तिथे मान्यता मिळाली. फोल्फिरीतलं 'इरि' ते हेच. दर पंधरा दिवसांनी तुमच्या आईंच्या शिरेत जातं ते या झाडाच्या रेणूचंच सुधारलेलं रूप आहे. त्याचं मुख्य काम पेशी मारणं, वाहिन्या रोखणं नव्हे. पण निसर्ग आणि किमो अशा दोन वेगळ्या पेट्या नाहीत, हे त्यावरून कळतं. अंगणातल्या सदाफुलीतून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन निघाली. व्हिनब्लास्टिन अगदी लहान डोसमध्ये दिलं तर रक्तवाहिनीच्या पेशींनाच आवरतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणून कुणी सदाफुलीची पानं चावायला सुरुवात करू नये. ती विषारी आहेत, आणि एका पानात औषध किती हे कुणालाच ठाऊक नसतं.

लहान डोसचा विषय निघाला म्हणून सांगते. किमो थोडी थोडी, रोजच्या रोज किंवा आठवड्याला, न थांबता दिली की गाठीच्या वाहिन्यांना सावरायला उसंत मिळत नाही, या विचाराला मेट्रोनॉमिक उपचार म्हणतात. यात आपल्या परळच्या टाटा हॉस्पिटलचं काम जगाने उचलून धरलं. तोंडाच्या आणि घशाच्या बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरमध्ये त्यांनी ४२२ रुग्णांची चाचणी केली. आठवड्याला मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब, दोन्ही तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्या. २०२० चा निकाल असा: गोळ्या घेणारे सरासरी ७.५ महिने, शिरेतून सिस्प्लॅटिन ही किमो घेणारे ६.१ महिने, आणि त्रासही गोळ्यांचाच कमी. रक्तवाहिन्या रोखायचा स्वस्त मार्ग शोधणं ही चुकीची आस नाही. मामांची आस तीच आहे. फरक एवढाच की इथे डोस ठरलेला होता, गट पाडलेले होते, आणि कोण किती जगलं हे मोजलं होतं. आतड्याच्या कॅन्सरला मात्र हा निकाल लावता येत नाही, म्हणून तो तुमच्या आईंसाठी मागू नका.

आता इंजेक्शनबद्दल. २००४ च्या मान्यतेमागच्या चाचणीत बेव्हॅसिझुमॅब जोडल्यावर सरासरी आयुष्य १५.६ वरून २०.३ महिन्यांवर गेलं. ती जुनी किमो होती. पुढे ऑक्झॅलिप्लॅटिनच्या किमोबरोबर तपासलं तेव्हा आजार आटोक्यात राहण्याचा काळ १.४ महिन्यांनी वाढला, पण एकूण आयुष्यात ठोस फरक दिसला नाही. हे आकडे मी लपवत नाही, कारण लालबागच्या घरातून दर पंधरा दिवसांनी पैसे उभे करणं म्हणजे काय हे मी रोज बघते. भारतात त्याची बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली त्याच्यासारखीच इंजेक्शनं, आल्यापासून किंमत बरीच उतरली आहे. तुम्हाला कोणतं दिलं जातंय ते विचारा. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन मदतीचे पर्याय विचारा. तरीही झेपत नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, 'हे इंजेक्शन काढून नुसती फोल्फिरी ठेवली तर आईंचं किती नुकसान होईल?' हा विचारण्यासारखा प्रश्न आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर मिळायला हवं. पण ते काढून त्या जागी कॅप्सूल ठेवणं म्हणजे ती जागा रिकामीच ठेवणं, वर लिव्हरची भीती वेगळी.

इंजेक्शन चालू असेपर्यंत घरी बीपी मोजा, ते वाढतं. नाकातून, हिरड्यांतून रक्त आलं किंवा शौचाला काळं झालं तर वाट न बघता कळवा. कर्क्युमिनचे मोठे डोस रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सना मंद करू शकतात, हे कॅप्सूल टाळायचं आणखी एक कारण. पोटात अचानक जोराचं दुखलं तर रात्री दोन वाजतासुद्धा कॅज्युअल्टी गाठा. आतड्याला छिद्र पडणं हा या इंजेक्शनचा क्वचित होणारा पण गंभीर त्रास आहे. दात काढायचा असेल किंवा पुढे लिव्हरच्या गाठीची शस्त्रक्रिया ठरली तर शेवटचं इंजेक्शन कधी झालं ते सर्जनला आधी सांगा. जखम भरायला वेळ लागतो, म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेआधी साधारण चार आठवड्यांचं अंतर ठेवतात.

वरणात हळद, रात्री दुधात चिमूटभर हळद, भाजीत मिरं, दिवसाला कपभर ग्रीन टी, श्रावणात हळदीच्या पानातल्या पातोळ्या, यातलं काहीच बंद करू नका. किमोनंतर ज्या दिवशी आईंना चव लागते त्या दिवशी त्यांना जे खावंसं वाटेल ते करून घाला.

पाचव्या सायकलला जाताना तिन्ही डबे पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. यातलं काही दिलं गेलं असेल तर कधीपासून आणि किती ते सांगा, आणि किमोआधीच्या रक्ततपासणीत लिव्हरच्या चाचण्या आहेत ना ते बघून घ्या. मामा त्या आठवड्यात मुंबईत असतील तर त्यांनाही सोबत घेऊन जा. बहिणीसाठी ते सांगलीहून डबे घेऊन आले, आता हे सगळं डॉक्टरांच्या तोंडून त्यांनाही ऐकू द्या.